चहा घेऊन या, बाई

आमच्या संघटनेत ठरावाच्या विरोधात कधीच कुणी मत दिलं नाही. विरोध नसायचा असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांइतकी हेकट माणसं मी दुसऱ्या कुठल्या व्यवसायात पाहिलेली नाहीत, आणि त्यात मी स्वतःलाही धरते. पण पद्धत अशी होती, की ज्याला ठराव पटत नाही त्यानं तो मताला येण्याआधी चहा प्यायला बाहेर जायचं. तो बाहेर गेला की आतले सगळे हात वर करायचे आणि इतिवृत्तात लिहिलं जायचं, "सर्वानुमते मंजूर." मग बाहेर गेलेला परत यायचा, कुणीतरी त्याला खुर्ची सरकवून द्यायचं आणि पुढचा विषय सुरू व्हायचा. भांडण नाही, तंटा नाही, दोन्हीकडची अब्रू शाबूत.

ही पद्धत कुणी पाडली ते मला माहीत नाही. मी कार्यकारिणीवर गेले तेव्हा ती होतीच. आणि खोटं कशाला बोलू, मला ती फार सभ्य वाटली होती.

गोष्ट सत्तरनंतरची. मोठा दुष्काळ नुकता कुठं सरला होता. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची मिळून ती संघटना. सांगलीकडचे डॉक्टर जास्त, म्हणून त्यांचे सहा प्रतिनिधी. आम्ही साताऱ्याकडचे सगळे मिळून आठ, म्हणून आमचा एक. बैठक वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, सांगलीला अध्यक्षांच्या दवाखान्याच्या माडीवर; घरही त्यांचं तिथंच मागं.

आमचा तो एक प्रतिनिधी मी. कशी झाले तेही सांगते. एका रविवारी आठहीजण माझ्या दवाखान्यात जमले होते. सांगलीला एसटीनं जायचं, कऱ्हाडला गाडी बदलायची, रविवार त्यात घालवायचा, हे कुणालाच नको होतं. एकाच्या मेहुणीचं लग्न होतं, एकाचा वाई रस्त्याला बंगला चालला होता. शेवटी सगळ्यांत वयस्कर होते ते म्हणाले, "बाईंनाच पाठवा की. त्यांच्यामागं कुठं काय आहे?" सगळ्यांनी माना हलवल्या. निवडणूक म्हणतात ती ही. मला राग यायला हवा होता, आलाही थोडा. पण खरं म्हणजे त्यांचं बरोबर होतं. माझ्यामागं काही नव्हतं.

दवाखान्याच्या वर दोन खोल्या, तिथं मी राहायची. आई जाऊन चार वर्षं झाली होती. लग्नाचं वय शिकण्यात गेलं आणि उरलेलं आईच्या आजारपणात. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला येईपर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता असतो ना, तो मी पुष्कळदा मोठ्यानं वाचायची, नुसता आपला आवाज ऐकायला. साताऱ्यात लोक मान द्यायचे. रस्त्यानं चालले की नमस्कार करायचे आणि पुढं जायचे. मान मिळणाऱ्या बाईशी कुणी गप्पा मारत थांबत नाही.

त्यामुळं सांगलीची ती वर्षातून एक फेरी मला सणासारखी वाटायची, हे मी त्या सातजणांना कधी कळू दिलं नाही. सर, म्हणजे आमचे अध्यक्ष, त्यांनी मला शिकताना वर्षभर हाताखाली ठेवून घेतलं होतं. जैन घरातले, उंच, शांत, आवाज कधी चढायचा नाही. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळं बैठकही त्या हिशेबानंच संपायची. बैठक संपली की सगळ्यांची पानं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि तरी अशी चव, की आठवडाभर जिभेवर राहायची. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, मला स्वयंपाकघरात आपल्याशेजारी बसवून घ्यायच्या. इतरांच्या पानात एकदा वाढायच्या, माझ्या पानात तीनदा.

आता शिबिरांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

दर हिवाळ्यात मी वडूजला मोतीबिंदूचं शिबिर घ्यायची. सुट्टीत शाळा रिकामी असायची. एका वर्गात ऑपरेशन, बाकीच्या वर्गांत पेशंट. खटाव तालुक्यातून लोक यायचे ते आपापली वाकळ घेऊनच. खाली कडबा पसरायचा, त्यावर वाकळ, आणि ओळीनं माणसं आडवी. त्या काळी ऑपरेशननंतर डोळे बांधून आठ दिवस पडून राहायचं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचंसुद्धा जपून. बायकांच्या वर्गात सकाळपासून गुणगुण चालायची. एकीनं ओवी सुरू केली की दिसत नसलेली शेजारीण पुढचा धागा उचलायची. मी ते आठही दिवस शाळेतच राहायची, हेडमास्तरांच्या खोलीत. रोज पट्ट्या उघडायच्या, डोळा बघायचा, परत बांधायच्या. दिवसभर कुणी ना कुणी हाक मारायचं, "बाई, हिकडं या की जरा." वर्षातले तेवढे आठ दिवस मी तक्ता मोठ्यानं वाचला नाही.

तिथंच मला एक हवालदार भेटले. औंधच्या वाटेवरच्या एका वाडीतले, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. बायको त्यांना बोट धरून घेऊन आली होती. बोट धरणारीचाही डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला, आणि उजव्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला. तिला माणूस दिसायचा, चेहरा दिसायचा नाही.

मी म्हटलं, "तुमचाही काढून टाकू या की याच वेळी."

तिच्याआधी हवालदारच बोलले. "आवं बाई, दोगं एकदम आडवी पडलो तर म्हशीला वैरन कोन टाकनार? या साली मी, फुडल्या साली ही."

"मग साताऱ्याला या तुम्ही मध्ये कधीतरी. माझ्या दवाखान्यात करू."

ती घाईनं म्हणाली, "न्हाई बया. त्या शेरात एकटी कुटं पडू मी? हितं समद्या बाया असत्यात. हितंच करा माजं."

एकच डोळा असलेल्या माणसावर हात टाकताना आमची छाती धडधडते. पण तो डोळा चांगला होता. मी वहीत लिहून घेतलं, पुढल्या वर्षी पहिलं नाव हिचं. तसं दोघांना वाचूनही दाखवलं. हवालदारांनी मान ताठ करून ऐकलं, पलटणीत हुकूम ऐकतात तसं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दूर कुठल्याशा शिबिरात बरेच डोळे नासले. आमच्या दोन जिल्ह्यांतलं ते नव्हतं. डॉक्टर आले, ऑपरेशनं केली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मागं पट्ट्या उघडून बघणारं कुणी नव्हतं. आमच्याकडं सगळ्यांनी धसका घेतला, मीसुद्धा. त्या दिवाळीच्या बैठकीची विषयपत्रिका आली तिच्यात ठराव होता, की पुढच्या बैठकीपर्यंत कुणाही सभासदानं रुग्णालयाबाहेर मोतीबिंदूची शिबिरं घेऊ नयेत.

आम्ही आठजण पुन्हा जमलो. या वेळी मात्र चर्चा चांगली दोन तास झाली. आमच्या तालुक्यांतून रुग्णालयं होती कुठं? शेवटी आम्ही एक पत्र तयार केलं. शिबिरं बंद करू नयेत, उलट एक अट घालावी, की ज्यानं ऑपरेशन केलं त्यानं पट्ट्या सुटेपर्यंत तिथंच मुक्काम करावा. आठही सह्या झाल्या. ते पत्र माझ्या पर्समध्ये ठेवून मी सांगलीला गेले.

सर बोलले ते मनापासून बोलले. "काल ज्या वर्गात मुलं खडू उडवत होती, तिथं आज आपण माणसाचा डोळा उघडतो. याचा विचार आपण कधी केला का?" त्यांचं चुकीचं नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, की प्रश्न जागेचा नाही, आपल्या मुक्कामाचा आहे. दोन-तीन वाक्यं झाली असतील. तेवढ्यात मिरजेकडचे एक तरुण डॉक्टर म्हणाले, "बाई राहू शकतात हो आठ दिवस. आम्हाला घरदार आहे."

सगळे हसले. वाईट हेतूनं नाही हसले, सहज हसले. पण मला पुढचं वाक्य आठवेना. पर्समधलं पत्र काढायला हात गेला आणि तिथंच राहिला.

तेव्हा सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "पहाटेच्या गाडीनं निघाला असाल. दमलात. चहा घेऊन या, बाई."

मला अर्थ कळला होता. खोलीतल्या सगळ्यांना कळला होता. मी उठले आणि बाहेर गेले.

माडीला मागच्या बाजूनं सज्जा होता. तिथून पेठेतल्या हळदीचा वास यायचा. काकू तिथं मूग निवडत बसल्या होत्या. "ये गं," म्हणाल्या, "किती वाळलीस तू! रात्रीचं जेवतेस की नाही?" त्यांनी स्वतः उठून चहा आणला, बशीत दोन नानकटाया ठेवल्या. मला म्हणाल्या, एकट्या माणसानं कुकर लावायचा कंटाळा करू नये. मी म्हटलं, कंटाळा करत नाही. त्या म्हणाल्या, करतेस, तोंडावर दिसतंय. माझ्या तोंडावर काय दिसतंय ते कुणी सांगितल्याला चार वर्षं झाली होती. माझे डोळे भरून आले आणि ते दिसू नये म्हणून मी कपात तोंड घातलं.

आतून चिटणिसांचा आवाज आला, "सर्वानुमते मंजूर." मला तो अगदी स्पष्ट ऐकू आला. कपात चहा उरला नव्हता. तरी मी आणखी थोडा वेळ तिथंच बसले, कारण काकू त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाचं सांगत होत्या.

परत आत गेले तेव्हा त्याच मिरजेच्या डॉक्टरांनी मला खुर्ची सरकवून दिली. पानावर काकूंनी शिरा तीनदा वाढला.

साताऱ्यात मी सातजणांना सांगितलं, "बोलले मी. पण बहुमत त्यांचं." हे अर्धं खोटं होतं आणि अर्धं खोटं पूर्ण खोट्यापेक्षा लवकर पचतं. थोड्या दिवसांनी इतिवृत्त आलं. त्यात "सर्वानुमते" हा शब्द होता आणि हजर सभासदांच्या यादीत माझं नाव होतं. म्हणजे साताऱ्याच्या आठही डॉक्टरांनी शिबिरं बंद करायला आपली संमती दिली, असा त्याचा अर्थ. सातांपैकी एकानंही मला त्याबद्दल विचारलं नाही. माझी खात्री आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते उघडूनही पाहिलं नसेल. विचारलं असतं तर बरं झालं असतं. निदान कुणाशी तरी भांडले असते.

विचारलं ते हवालदारांनी. हिवाळा उलटायला आला तेव्हा ते साताऱ्याला आले. जाड भिंगांचा चष्मा, दाढी गुळगुळीत. दारातच ताठ उभं राहून म्हणाले, "बाई, शिबिर कवा हाय औंदा? आमच्या घरातली इचारतीया. तिचा पैला नंबर हाय."

मी म्हटलं, "यंदा जरा अडचण आहे. पण दिवाळीनंतर आमची बैठक आहे. तिथं मी बोलणार आहे. तोवर थांबा."

"डोळा लय धुरकाटलाय म्हनती."

"मग इथं आणा ना त्यांना."

"ती एकटी न्हाई यायची, तुमाला ठावं हाय. मी हितं तिच्यापाशी बसलो तर म्हशीचं कोन बगनार?"

इथं मला आग्रह करता आला असता. म्हशीसाठी शेजाऱ्याला सांगा, तिला उचलून आणा, शिबिर होणारच नाही, असं खडसावून सांगता आलं असतं. पण शिबिर का होणार नाही हे सांगायचं म्हणजे त्या ठरावाचं सांगायचं, आणि ठरावाचं सांगायचं म्हणजे चहाचं सांगायचं. मला ते जमलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "थांबा थोडे दिवस. मी सांगते."

"बरं," ते म्हणाले. "तुमी म्हनताय तर थांबतो." आणि गेले.

ते थांबले. लष्करातला माणूस, त्याला थांबायला सांगितलं की तो थांबतो.

भर पावसाळ्यात एका दुपारी एसटी स्टँडवरून दोघं दवाखान्यात आली. तिनं डोळ्यावर पदर दाबून धरला होता आणि पाय कसेबसे टाकत होती. मोतीबिंदू जास्त पिकला की कधीकधी डोळ्यात ताण चढतो, डोळा लालबुंद होतो आणि कपाळ फुटल्यासारखं दुखतं. पहिल्या दिवशी आणलं तर काहीतरी वाचवता येतं. मी विचारलं, "दुखायला कधी लागलं?"

"आट-नऊ दीस झालं," हवालदार म्हणाले.

"आठ दिवस? आणि आज आणताय?"

माझा आवाज चढला होता. ते गोंधळून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी म्हनला व्हता, थांबा."

मी खोली अंधारी केली. बॅटरी तिच्या डोळ्यासमोर धरली आणि विचारलं, "उजेड दिसतोय का? कुठून येतोय सांगा."

तिनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली. "पेटवलीया व्हय बॅटरी?" तिनं विचारलं.

मी बॅटरी वरून धरली, खालून धरली, नाकाजवळ नेली. ती बिचारी मला बरं वाटावं म्हणून अंदाजानं बोट दाखवत होती. एकदासुद्धा बरोबर आलं नाही. मी ऑपरेशन केलं, दुखणं थांबलं. उजेड परत आला नाही, येणारही नव्हता. हवालदार म्हशीसाठी वाडीला परतले आणि ती चार दिवस माझ्या दवाखान्यात एकटीच पडून होती. ज्याला ती भीत होती तेच तिच्या वाट्याला आलं. वरच्या खोलीत मी आणि खाली ती. दोघींनाही झोप लागत नव्हती हे दोघींनाही माहीत होतं, आणि चारही दिवस मी जिना उतरून तिच्याजवळ जाऊन बसले नाही. मला तोंड नव्हतं.

त्या दिवाळीनंतर मी पुन्हा सांगलीला गेले. या वेळी ठराव होता तीच बंदी कायमची करायचा. चर्चा फार झाली नाही, गेल्या वर्षीच झालेली होती. मी पत्र वाचून दाखवलं, तेच जुनं, घडीवर फाटायला आलेलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग सर म्हणाले, "बाई, चहा घेऊन या."

मी म्हटलं, "मला चहा नको."

त्यांना वाटलं मला समजलं नाही. म्हणाले, "दूध घ्या मग. सज्ज्यात मांडलंय."

"दूधही नको, सर. मी इथंच बसते. तुम्ही मत घ्या."

चिटणिसांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. आजवर असं झालंच नव्हतं, त्यामुळं पुढं काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकजण म्हणाले, विषय पुढं ढकलू. दुसरे म्हणाले, बाईंचं म्हणणं इतिवृत्तात लिहू, पण सर्वानुमते राहू दे. तिसऱ्यांनी मला समजावायला जरा बाजूला बोलावलं, पण मी खुर्ची सोडली तर कुणी सांगावं तेवढ्यात हात वर होतील, म्हणून मी खुर्चीच सोडली नाही. आता हसू येतं, तेव्हा दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसले होते.

खाली पानं मांडली होती. खिडकीतून ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. काकू एकदा दारात येऊन बघून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा सरांकडं बघून नुसत्या म्हणाल्या, "अहो, दिवस मावळतोय." मी मान खाली घातली. मी उठून पाच मिनिटं सज्ज्यात गेले असते तर सगळे जेवले असते. काकू माझ्याकडं बघत होत्या हे मला न बघता कळत होतं.

भिंतीवरचं ऊन गेलं. आता सरांना आणि काकूंना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. सर चिटणिसांना म्हणाले, "लिहा. एक विरुद्ध." आवाज नेहमीसारखाच होता.

मग चिटणिसांनाच शंका आली म्हणून त्यांनी संघटनेच्या घटनेची पुस्तिका काढली. तिच्यात एक कलम निघालं. ठराव एकमतानं झाला नाही तर तो लागू करण्याआधी सर्व सभासदांकडं टपालानं मतासाठी पाठवावा. कलम पहिल्यापासूनच होतं. कधी कुणी विरोध केला नव्हता, म्हणून ते कुणी वाचलं नव्हतं.

मी पुस्तिका मागून घेतली आणि ते कलम स्वतः वाचलं. म्हणजे गेल्या वर्षीसुद्धा एवढंच करायचं होतं. वाद जिंकायचा नव्हता, भाषण करायचं नव्हतं. नुसतं खुर्चीत बसून राहायचं होतं.

त्या दिवशी मी न जेवता निघाले. काकू जिन्यापर्यंत आल्या नाहीत. सरांशी पुढं बोलणं झालं, पत्रं झाली, पण त्या घरात माझं पान पुन्हा मांडलं गेलं नाही, आणि पुढच्या वर्षी साताऱ्याच्या सातजणांनी दुसऱ्याला निवडून दिलं. त्यांना म्हणे सांगलीकडून कळलं होतं, की बाई जरा तापट आहेत.

टपालानं मतं मागवली, ठरावासोबत आमचं पत्रही जोडलं. बैठकीला कधी न आलेल्या, आडगावच्या डॉक्टरांनीही कार्डं पाठवली. शिबिरं चालू ठेवावीत, ऑपरेशन करणाऱ्यानं पट्ट्या सुटेपर्यंत मुक्काम करावा, हेच बहुतेकांनी लिहिलं होतं. हिवाळा संपायच्या आत वडूजची शाळा मला पुन्हा मिळाली.

पहिल्या दिवशी हवालदार आले ते वाडीतल्या बायकांचा जथा घेऊन. आणि त्यांचं बोट धरून ती. मला वाटलं, आता ती विचारणार, माझा नंबर कितवा. तिनं असलं काही विचारलं नाही. म्हणाली, "म्हस इकली आमी. मंग घरी बसून काय करू? डोळं बांदलेल्या बायास्नी च्या पानी कोन बगनार? मला सवं हाय अंदाराची."

आठ दिवस तिनं ते केलं. भिंतीला हात लावत ओळीनं जायची, उशाशी बसायची, एकेकीचं तोंड चाचपून कप ओठांना लावायची. एक थेंब सांडायचा नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी वर्गाच्या पायरीवर बसले होते. ती माझ्या खोकल्यावरून माझ्यापाशी आली, चाचपून शेजारी बसली आणि कप पुढं केला. "बाई, च्या घ्या."

मी कप हातात घेतला आणि मला राहवेना. मी तिला सगळं सांगितलं. बैठक, ठराव, पर्समधलं पत्र, सगळे हसले ते, सज्जा, नानकटाया. तुमच्या डोळ्याचं आत ठरत होतं तेव्हा मी बाहेर चहा पीत होते, असं सरळ सांगितलं. मला वाटलं आता उठेल, शिव्या देईल, द्याव्यात अशीच माझी इच्छा होती.

तिनं विचारलं, "तितं तुमच्यासंगं आपल्याकडचं कुनीच न्हवतं?"

"नाही. साताऱ्याहून मी एकटीच जाते."

"समद्यांत एकट्या?"

"हो."

तिनं माझा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. "आवं मंग मला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "मी आले आसते की संगं. तवा दिसत व्हतं मला."

वर्गातून कुणीतरी पाणी मागितलं तशी ती उठून भिंतीच्या कडेनं आत गेली. इतकी वर्षं मी सांगलीला वडूजच्या या माणसांच्या वतीनं जात होते, पण त्यांच्यापैकी कुणाला बरोबर घेऊन जावं हे मला कधी सुचलंच नव्हतं.